हात दाखवून

शिरपूरच्या पुढे, बंद सूतगिरणीच्या मागे
पावणेदोन किलोमीटरचं डांबर स्वतःभोवती फिरून येतं.
माघातली सकाळ. कुंपणाच्या तारेत
कुठल्या तरी जुन्या हंगामाचा कापूस अडकलेला.
सतरा गाड्या रांगेत, बॉनेट उघडी,
दवाखान्यात आ करून बसलेल्या माणसांसारख्या.
असं मी पाचपांडे डॉक्टरांना म्हटलं. ते दातांचेच, फैजपूरचे.
हसले नाहीत.

आधी सीटखालचं काढा.
पाण्याची बाटली, मुलीचा एक सँडल,
आणि गाडीच्या पूजेचा नारळ,
आठ महिन्यांचा, आतलं पाणी आटलेला.
"हा पण?"
हा आधी. गाडी दबली की नारळ घरंगळतो,
ब्रेकच्या पायाखाली जाऊन बसतो,
मग पाय कितीही दाबा.
डॅशबोर्डवरचा गणपती चिकटवलेला होता.
त्यांनी नखाने हळूहळू सोडवला, दात काढतात तसा,
रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिला.
दिवसभर माझ्या पिशवीत, भरताच्या डब्याशेजारी.

मी डावीकडे बसते. माझ्या बाजूला ब्रेक नाही.
एकोणीस वर्षं चोपडा डेपोत
एसटीखाली उताणी पडून ब्रेक पाहिले,
लायनर बोटाने चाचपून सांगायचे
ही घाट उतरेल, ही नाही उतरणार.
आता हातात काही नाही.
फक्त तोंड, तेही हेल्मेटमध्ये.

"डोळे कुठे आहेत?"
"टायरांच्या ढिगावर."
म्हणून तर ढिगाकडे निघालोय.
मी सायकल शिकताना आई अंगणातून ओरडायची,
जथा देखशी, तथाच जाशी.
वळण संपतं तिथे बघा, डॉक्टर.
पुढच्या फेरीला बघितलं त्यांनी.
गाडीने मान वळवली, आणि माझा श्वास
खूप वेळाने बाहेर आला.

मागून अमळनेरची पोरगी आली, ठिगळ लावलेल्या गाडीतून.
इथला नियम असा:
पुढच्याने हात बाहेर काढून बोट दाखवायचं, या बाजूने जा.
तोवर मागच्याने घुसायचं नाही.
डॉक्टरांचा हात स्टेअरिंगवरून निघेना.
एक फेरी. आणखी एक.
पोरगी मागे शांत, अंतर राखून.
"हात दाखवून अवलक्षण," ते पुटपुटले.
दाखवा हो. अवलक्षण माझ्या नावावर.

तिसऱ्या वळणावर रुमल्या पावरा झेंडे घेऊन उभा असतो.
पिवळा नाही, एकदम लालच वर.
भिंतीच्या भगदाडातून ठेलाऱ्यांची मेंढरं,
दीडेकशे, डांबर ओलांडत होती,
जणू वाट त्यांचीच.
असेलही. गिरणीच्या आधीची.
सतरा गाड्या थांबल्या. इंजिनं टकटक करत निवत होती.
हॉर्न कुणीही वाजवला नाही.
म्हातारा ठेलारी मधोमध थबकला,
लंगडणारं कोकरू काखेत घेतलं,
आणि काठीने आम्हाला दाखवलं: निघा, त्या बाजूने.
रुमल्याचा झेंडा अजून वर होता.
आम्ही हललो नाही.
म्हाताऱ्याला वाटलं असेल, बहिरी माणसं.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं,
"माझी फेरी किती मिनिटांची?"
घड्याळ लावत नाही आम्ही.
"मग कळणार कसं?"
मी पिशवीतून गणपती काढून दिला.
रुमालाला भरताचा वास लागला होता.

चोपड्यापर्यंत वाट एकच.
ते पुढे, मी माझ्या जीपमध्ये मागे.
अनेरच्या पुलापलीकडे एक ट्रक,
केळी उतरवून रिकामा, आदळत आपटत,
मला मागे टाकून त्यांच्या पाठीला लागला,
दिवे मारू लागला.
खिडकीतून हात बाहेर आला.
बोट सरळ: या बाजूने जा.

ट्रकचा वेग कमी झाला.
किन्नर दारातून अर्धा बाहेर लोंबकळला
आणि वाकून पाहू लागला,
कुठलं चाक निघालंय.