तामील

आदेश वरून आला तरी शिक्का आमचाच,
जिल्हा न्यायालय, इंदूर. त्यात दोन दिवस गेले.
मग स्कूटर काढली. रामबाग, दुसरी गल्ली, झोकरकर.

स्थानकावर माणसं पाच.
एक आरोपी. एक फिर्यादी, जिची दोन बोटं गेली
निरंजन व्हॉल्व्हपाशी डुलकी घेत होता तेव्हा.
उरलेल्या तिघांत एक न्यायाधीश, दोन वकील.
पहारेकरी नाही. पळून जाणार कुठं?
टायपिंग एकट्या आरोपीला येतं,
म्हणून निकाल त्यानंच टाइप केला,
स्वतःच्या नावातला अनुस्वार विसरून.

कोंडायचं तर सगळेच कोंडलेले.
दंड करायचा तर पैसा तिथं कुणाच्या कामाचा?
शेवटी ठरलं: पृथ्वीकडची खिडकी बंद. नव्वद दिवस.
आणि तिथं तर रोज सोळा वेळा उजाडतं,
तेव्हा कलम चारमध्ये खुलासा:
दिवस इंदूरचा धरावा.

सुमतीबाईंनी कागद दोनदा वाचला. सही केली.
माझ्या पोह्यांवर जिरावण भुरभुरताना म्हणाल्या,
"त्यानं बघायचं नाही. मी बघितलं तर?"
मी आदेश उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

सात बेचाळीसला गच्चीवर.
तो ठिपका पाण्याच्या टाकीमागून निघाला,
न लुकलुकता, कामावर निघालेल्या माणसासारखा.
बाईंनी हात वर नेला, आणि पदर सारखा केला.

"आज पहिला ना?"
मी तारीख बघितली.
"नाही. तिसरा."