मधला माणूस

कळमनुरीत, शिलाई मशीनच्या मागं
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर
एक काळी पेटी दिवसरात्र लुकलुकते.
सेकंडहँड. आतला पंखा कुरकुरतो.
वैशाखात तिच्यावर ओलं फडकं टाकता येत नाही,
म्हणून मी वरचे पत्रे भिजवतो.

तिच्यातून कुणीतरी जातं.
मागचा मुक्काम कळतो, पुढचा कळतो;
निघालं कुठून, पोचणार कुठं, ते नाही.
पाकिटात पाकीट, त्यात पाकीट,
माझ्या वाट्याला वरचं एक फाडणं.

जयमाला विचारते, काऊन इतकं बिल?
मी म्हणतो, असेल एखादी मास्तरीण,
तिच्या देशात भिंतींना कान आहेत
आणि कानांना पगार.
ती दातांनी दोरा तोडते.
'आन् चोर असला तर?'
असेल.
याच्यापुढं मला बोलता येत नाही.

लिंबाजी, माझ्या आज्याचा चुलता,
निजामाच्या शेवटच्या वर्षी
पैनगंगेपल्याड चिठ्ठ्या न्यायचा,
म्हशीचं शेपूट धरून,
मेणाची गोळी गालात, तंबाखूच्या जागी.
देणारा एक, घेणारा एक,
दोघांना एकमेकांचं गाव माहीत नाही.
नाक्यावर धरला. मेण फोडलं. दोन दिवस हाणला.
तो खरं तेच सांगत राहिला:
मला वाचता येत नाही, सायेब.
त्याला निवडलाच होता त्यासाठी.

पुढं साक्षरतेचा वर्ग निघाला,
पोरं त्याला हाताला धरून घेऊन गेली.
पाटीवर त्यानं स्वतःचं नाव गिरवलं,
बराच वेळ बघितलं,
आणि उठताना बाहीनं पुसलं.

परवा ठाण्यातून माणूस आला. चहा घेतला.
यातून काय जातं?
लिंबाजीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं,
पण माझ्यामागं भिंतीवर माझीच डिग्री टांगलेली.
मी म्हणालो, मला दिसत नाही.
दिसू नये अशीच ती बांधलीय.
तो म्हणाला, मग तसं लिहून द्या.

दिलं.
खाली नाव घातलं, बापाच्या नावासकट,
घर नंबर, मोबाईल नंबर, तारीख.
कागदाला कुणाचं तरी नाव लागतंच.

रात्री साडेअकराला लाईट गेली.
पंखा थांबला, पेटी थांबली,
कुठंतरी कुणाचं तरी वाक्य
अर्ध्यात उभं राहिलं असेल.
मी चाचपडत उठतोय तोवर
जयमालानं इन्व्हर्टरचा खटका दाबला होता.
'झोपा,' म्हणाली,
'बिलाचं सकाळी बघू.'