बैठक

सीट मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले.
रिक्षावाला आरशातून बघतो: गाडी कुठाय, वहिनी?
गाडी घरी, जिन्याखाली,
उघडी पडलीय, बॅटरी दिसतेय तिची.
उद्यमनगरात घ्या. लेथवाल्यांच्या गल्लीत,
नदाफांच्या दुकानापाशी.

त्याआधी सगळं करून झालं होतं.
जेलची गादी, उन्हात तापली की
भाकरीचा तवा.
हवेची उशी: कागलपर्यंत राणी,
तवंदी घाटात फुस्स.
मग पट्टणकोडोलीचं घोंगडं, चौपदरी,
भावानं सुचवलेलं. निपाणी ओलांडेतो
लोकर सलवारीतून आत आली
आणि संकेश्वरला टपरीवर
मी उभ्यानंच प्याले दोन कप चहा.
हुबळी अजून दीडशे किलोमीटर.

बाबालाल नदाफ. आजोबा कापूस पिंजायचे,
खांद्यावर धनुकली, दारोदार,
तिची तात वाजली की गल्लीतली पोरं मागं.
नातू फोम कापतो.
दुकानात कापूस औषधालाही नाही,
बोलणं मात्र अजून पिंजलेलं.

त्यानं सीट उलटीपालटी केली, चक्क वास घेतला,
बाकड्यावर काळं रेक्झिन पसरलं,
वर खडूची भुकटी, चहाच्या गाळणीनं.
"बसा."
बसले.
"उठा."
मग आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो
शेहेचाळिसाव्या वर्षी
मी जिथं बसले होते ती जागा.

"माणूस बसतोय दोन हाडांवर, ताई.
बाकीची मंडळी पावणी."
भुकटीत एकच काळा डाग. डावीकडं.
उजवीकडं नुसती कुणी फुंकर मारल्यासारखी.
"कधी पडलासा का गाडीवरनं?"
नाही.
"मग तुमी बसतच न्हाईसा. टेकतासा."

मला हसू आलं, मग नाही आलं.
शेजारी लेथ लोखंड सोलत होता, लांबलचक साल.
आठवला तो पाट,
ज्याच्या कडेवर मी एकवीस वर्षं जेवले
उजवा गुडघा वर ठेवून,
कारण हाक येणार. मीठ. पाणी.
अजून एक भाकरी.
सासऱ्यांच्या पलंगाची कड, ती चार महिने.
पतसंस्थेतली माझी खुर्ची तर अजून नवीच दिसते
मागच्या अर्ध्या भागात.
नदाफला यातलं काही सांगितलं नाही.

त्यानं पेन्सिल कानामागून काढली.
"उजवीकडं फोम चढवू या का?
मग कललेलंच सरळ वाटंल.
गिऱ्हाईकं तेच मागत्यात.
सपाट ठिवलं तर दुखंल.
म्हयनाभर तरी."

सपाट, मी म्हटलं.

अठराशे सांगितले, सोळाशेवर मिटलं.
पुढं थोडी अरुंद, पाय टेकावेत म्हणून
(पाय टेकायचे, तो म्हणाला, बाकी काय टेकायचं न्हाई).
शिलाई चहाच्या रंगाची, ती त्याच्या मनानं.
घरी येईपर्यंत कुणी सांगितलं नाही
की माझ्या मागं खडू लागलाय.

दुखलं. कित्तूरपर्यंत उजवं हाड
नव्या भाडेकरूसारखं कुरकुरत होतं:
इथं पाणी येत नाही, इथं ऊन लागतं.
धारवाडच्या अलीकडं केव्हातरी ते गप्प झालं,
की मीच ऐकायचं सोडलं, सांगता येणार नाही.
ज्वारी उभी होती दोन्ही बाजूंना.
एक ट्रक हॉर्न देत गेला, मी जागा दिली, तेवढीच.

परत आले त्या रात्री
जेवायला बसले. मांडी घालून, पूर्ण.
हाक आली, मीठ कुठाय.
दुसऱ्या फळीवर, म्हटलं,
चटणीच्या बरणीमागं.