काटा

भिंतीवर तक्ता लावून दोन महिने झाले.
अ अननसाचा.
मोक्षदाने अननस पाहिलेला नाही,
धरणगावच्या बाजारात मीही कधी घेतला नाही.
रोज जेवण झालं की मी त्याच्यावर बोट ठेवतो.
ती माझ्या बोटाकडे बघते,
अननसाकडे नाही.

बाकी सगळं येतं तिला.
रत्ना कळण्याची भाकरी थापते
तशी ही चिखलाची थापते,
आणि उलटताना तोंड वाकडं करते,
कारण वाफ लागली की रत्ना करते.
पिंपळाची पानं मोजायची
तर आधी अंगठा जिभेला.
शेजारच्या भटाबाईंसारखी उंबऱ्यात टेकते,
गुडघ्यावर हात ठेवून, "अय माय व" म्हणत.
तीन वर्षांची.

रविवारी दुपारी मी खाटेवर पडलो होतो,
डोळे मिटून, जागा.
तिने रत्नाच्या ओढणीत कांदे घेतले,
गाठ बसेना, नुसती पिरगळली,
झोळीच्या रिकाम्या आकड्याला अडकवली.
समोर बाहुली, डोक्याला रुमाल बांधलेली.
पेन्सिल कानावर.
मग गाठोड्याला बिलगून उभी राहिली
आणि उजवा गुडघा
हळूच
खालून लावला.

त्या हळूचला मी ओळखतो.
वीस वर्षांचा आहे तो.
खेडा खरेदीत कापसाची गाठोडी टांगतो आम्ही,
दोघे बांबू धरतात, मी काट्याशी.
मांडीचा नुसता आधार.
कापूस फुगलेला असतो, दिसत नाही.
गाठोड्यामागे दीड किलो शेठचे.
समोरच्याची नजर तेवढी काट्यावरून हलवायची,
त्याची माझी एक रीत आहे.

मोक्षदाने बाहुलीकडे पाहिलं,
मान तिरकी केली, आवाजावर साय आणली:
"दगाआबा, पोर कशी शे तुन्ही?"

हेच विचारतो मी. असंच.
माणूस हसतो, वर बघतो, सांगू लागतो,
अमळनेरला दिली, आता नाशकात राहते, दिवस गेलेत,
तोवर मी आकडा वाचून मोकळा.
आजवर एकही उत्तर पुरतं ऐकलेलं नाही.

कधी पाहिलं हिने?
दिवाळीनंतर एकदाच नेली होती बोरखेड्याला.
टेम्पोत बसली होती, फ्रॉकभर बोरं घेऊन.
मला वाटलं, कापसात लोळतेय.

मला तरी कुठे कोणी शिकवलं.
हिलालमामा काट्यावर, मी गोणीवर
पाय हलवत शेंगा सोलत.
मामा एक शब्द बोलले नाहीत.
फक्त मी बघतोय हे एकदा त्यांनी बघितलं
आणि आणखी मूठभर शेंगा दिल्या.

रत्नाने आतून विचारलं, काय खेळतेस गं?
"आप्पा," मोक्षदा म्हणाली,
खेळाचं नाव सांगावं तसं.

सोमवारी परत बोरखेडं.
सुकलाल पाटलांचं पहिलं गाठोडं चढलं.
ओट्यावर त्यांचा नातू,
नाक ओढत, एकटक.
गुडघा आपसूक निघाला.
मी तो परत जमिनीवर आणला,
जड होता, दुसऱ्या कोणाचा असावा इतका.
आकडा बोललो.
बांबूवाल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
तोंडातून मात्र नेहमीचं निघून गेलंच:
पोर कशी शे, आबा?

आबा सांगू लागले.
बाळंतपण, मग टायफॉईड, मग जावयाचं दुकान,
मधेच एक म्हैस, मग पुन्हा दुकान.
दुसरं काही करायचं नव्हतं,
मी उभा राहून ऐकलं.
ऐकताना माणसं चेहरा कसा ठेवतात
मला आठवेना.
पोरगा बघतच होता.