तिसऱ्या टाकीतला सांधा

पहाटे चारला गुडघे उठवतात.
चहा उकळेपर्यंत
नातवाच्या जुन्या फोनवर मी तिला शोधतो.
आज ती चानाक्कलेच्या खाली आहे,
वेग सात पूर्णांक दोन, रोख नैऋत्य.
नकाशावर लिंबाच्या बीएवढी, लाल.

लांबी चौऱ्याहत्तर मीटर, रुंदी अकरा,
पोटात दोन हजार तीनशे टन.
बांधणी: तूझला, दोन हजार सहा.
एवढंच लिहितात.

बारशाचं नाव होतं ‘गुल्पेरी’, मालकाच्या आईचं.
मग माल्टाच्या कुणीतरी तिला ‘ओरियाना टू’ केलं,
आत्ताचं मला धड वाचता येत नाही.
झेंडा अशा देशाचा, जिथलं बंदर तिने पाहिलेलं नाही.
पण नावेचं नाव गेलं तरी नंबर जात नाही.
तो सात आकडी नंबर मीच काढलाय,
तार वितळवून, मागच्या पत्र्यावर.
वरून जितके रंग द्याल तितका उठून दिसतो.

टाक्या दहा, असंही लिहिलंय.
त्यांतल्या तिसऱ्या डाव्या टाकीत सेफेर होता.
ओर्दूचा पोरगा, एकोणीसचा,
खिशात कायम घरचे हेझलनट.
हवेचा पंखा त्या दिवशी शेजारच्या जहाजाला लावला होता,
त्यांना घाई होती.
मी वर डेकवर केबल ओढत होतो.
आवाज नंतर आला.
आधी झाकणातून नुसता उजेड वर आला,
भर दुपारी.

नऊ दिवसांनी त्याचा अर्धा सांधा मी पुरा केला.
तो कुठे थांबला नि मी कुठून सुरू झालो
ते बोट फिरवलं तर कळतं.
त्याचे टाके खवल्यांसारखे, उथळ, घाईचे.
किती वेळा सांगितलं होतं, हात सावकाश चालव.
तपासनीस म्हणाला, चालेल.

चाललंय.

गेल्या महिन्यात ती चार दिवस कुठेच नव्हती.
म्युझेय्यन म्हणाली, चोरीचं तेल असेल,
दिवा मालवून गेली असेल, तुला काय करायचंय.
मी जेवलो नाही, तर तिने ताट झाकून ठेवलं
आणि पुन्हा काही बोलली नाही.

सेफेरची आई सणाला फोन करते.
तब्येत, पाऊस, बागेला लागलेली कीड,
मग थोडं थांबून: बोट कुठंय रे, नाझ्मी?

आज सण आहे.
आठ वाजता फोन येईल.
मी पुन्हा पाहतो:
डुबाव चार पूर्णांक सात.
म्हणजे भरलेली आहे.
म्हणजे तिसरी डावी टाकीही भरलेली,
आणि त्या सांध्यावर आत्ता, या घडीला,
सव्वादोनशे टन रेलून आहेत.

हे तिला सांगायचं ठरवलंय.
टनांचं तिला कळणार नाही.
सांगेन, तुझ्या पोराचा हात अजून धरून आहे.
चहा उतू गेला.