सगळं हिरवं

रात्री दोन सत्तेचाळीसला
जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये
स्क्रीन गोठली.
भट्टी अकराशे ऐंशी. सगळं हिरवं.
भ्यावं ते यालाच.

माउस हलेना. घड्याळातला सेकंदही.
रीस्टार्ट मारू का, विचारलं तर
यासीनचाचा म्हणाले, थांब की जरा,
अन् निळी काच डोळ्याला लावून
झरोक्यातून डोकावले :
"साडेअकराशे. उतरायली."

चालू झाल्यावर लॉग उघडले.
डिस्क गच्च,
तीन वर्षांचे अलार्म,
एकूणएक आम्हीच 'पाहिले' म्हणून मिटवलेले.
त्यातला एक रोज पहाटे चारचा :
पंखा क्रमांक दोन, बेअरिंग गरम.

पुसायच्या आधी
वाचत बसलो.
चाचांनी चहा ठेवला कीबोर्डजवळ,
जिथं ठेवू नये
असं मीच लिहून चिकटवलंय.