गोळीबार चौकातलं कार्ड

मे महिना. रात्री नऊला लाइन गेली,
कूलर घरघरत थांबला.
लॅपटॉपच्या उजेडात माझा नकाशा पाहून बाबा म्हणाले,
"हे त आपलं कार्ड होय."

नाही बाबा. हा टंगस्टनचा पत्रा.
उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसायचाय.
भोक कुठे हवं, कुठे नको,
यात माझी अडीच वर्षं गेलीत.

ते ऐकत नव्हते. माळ्यावर चढले होते.
सुतळीत ओवलेला गठ्ठा खाली आला, जकार्डच्या मागाचा,
पुठ्ठ्याला अजून खळीचा वास.
"भोक असलं त सूत उठते,
नसलं त नाई. इतकंच त हाय."

इतकंच तर आहे.
क्ष-किरण भिंगाला दाद देत नाहीत,
म्हणून आम्ही ताऱ्याचं चित्र काढत नाही.
पत्र्याची सावली घेतो,
ती किती सरकली ते मोजतो,
आणि तारा कुठे असेल ते मागून ठरवतो.

गच्चीवर गेलो.
मी एक कार्ड धरलं, मोबाइलचा टॉर्च लावला.
पाण्याच्या टाकीवर ठिपके.
हात डावीकडे नेला,
ठिपके उजवीकडे पळाले.
मग निनाव्यांची सृजल आपला मोबाइल घेऊन आली
आणि टाकीवर नुसता गोंधळ उडाला.

हा गोंधळ सोडवायला
आमच्या संगणकाला मोठं गणित लागतं.
बाबांनी चष्मा वर केला, बोट ठेवत गेले:
"हा तुहा. हा तिचा. हा दोघींचा."
साडीच्या काठाची नक्षी उसवून वाचावी तसे.

"मंग थो कॅमेरा पाह्यते कोणाकडं?"

कुणाकडेच नाही. एकदम सगळीकडे.
कोणता तारा केव्हा भडकेल
आणि दहा मिनिटांत विझेल, ते आधी कुठे कळतं?

ते हसले. बारा मागांच्या खडखडाटात
पाठ करून बिडी ओढताना
धागा कोणत्या मागावर तुटला, ते कळायचं त्यांना.
आता त्यांचा डावा कान गेलाय.
मी हे सगळं उजवीकडून सांगत होते.

प्रक्षेपण तिसऱ्यांदा पुढे गेलंय,
ते मात्र सांगितलं नाही.

सकाळी खिडकीच्या गजात एक कार्ड खोचलेलं,
फरशीवर उन्हाचे ठिपके,
पोह्यांच्या बशीवरही दोन.
एका ठिपक्याभोवती खडूचा गोल होता,
ठिपका केव्हाच त्यातून निघून गेलेला.
बाजूला बाबांचं अक्षर:
सात बेचाळीस.